समुद्र सातशे किलोमीटर दूर, आणि घरात रॅस मासा : निवड व निगा



चौथीच्या वर्गात पाण्यातले प्राणी हा भाग घेताना मुलं आता गप्पी आणि गोल्डफिशवर थांबत नाहीत. मोबाइलवर त्यांनी समुद्राच्या तळाचे व्हिडिओ पाहिलेले असतात. "मॅडम, तो मोठ्या माशाच्या तोंडात घुसून दात साफ करणारा मासा आपल्या इथं मिळते का?" हा प्रश्न या वर्षी मला वर्गात दोन-तीनदा आला. त्यातल्या एका मुलाच्या घरी तर खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी बसवायचं जवळजवळ ठरलंही आहे, आणि त्याच्या वडिलांनी कोणता मासा घ्यावा म्हणून विचारलं. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुलांना शिकवायला यात भरपूर आहे आणि घरी टाकी लावणाऱ्यांच्या कामाचंही आहे.

तो दात साफ करणारा मासा म्हणजे क्लीनर रॅस. इंग्रजी स्पेलिंग 'डब्ल्यू'ने सुरू होतं, पण तो उच्चारायचा नाही. काही दुकानदार 'व्रास' म्हणतात, तोच हा. निळसर, बोटाएवढा, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. प्रवाळ खडकावर याची ठरलेली जागा असते, अगदी गावातल्या न्हाव्याच्या दुकानासारखी. मोठे मासे तिथे येऊन तोंड उघडून स्थिर उभे राहतात, आणि हा त्यांच्या कल्ल्यांतून, तोंडातून परजीवी किडे वेचून खातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधिकेने मोजलं, तेव्हा एक मासा दिवसाला सरासरी बाराशेच्या आसपास परजीवी खातो असं दिसलं. २०१९ मध्ये जपानच्या मासानोरी कोहदा यांच्या गटाने याच माशासमोर आरसा ठेवला. माशाच्या गळ्याखाली रंगाचा ठिपका केला होता. आरशात तो ठिपका पाहून मासा गळा खाली घासू लागला. आपलं प्रतिबिंब ओळखणं हे चिंपांझी, हत्ती अशा मोजक्या प्राण्यांचं काम मानलं जात होतं, त्यामुळे यावर बरीच चर्चा झाली. मुलांना हे सांगून पाहा, तास संपला तरी प्रश्न संपत नाहीत.

आणि नेमका हाच मासा घरी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. त्याचं पोट परजीवींवर आणि माशांच्या अंगावरच्या चिकट द्रवावर चालतं. घरच्या टाकीत पाच-सहा मासे. त्यांच्या अंगावर दिवसाला बाराशे किडे कुठून यायचे? एखादा मासा गोठवलेलं अन्न खायला शिकतो, पण बहुतेक हळूहळू खंगत जातात. पोट आत जातं, पाठ धारेसारखी दिसू लागते, आणि काही आठवड्यांत संपतात. टाकीतले बाकीचे मासेही सुखी नसतात, कारण भुकेला क्लीनर दिवसभर त्यांच्या मागे लागून खवले टोचत राहतो. तिकडे समुद्रातही तोटा होतो. ग्रेट बॅरियर रीफमधल्या लिझार्ड बेटाजवळ छोट्या खडकांवरून हे क्लीनर काढून पाहिले, तर दीडेक वर्षात त्या खडकांवर येणाऱ्या माशांची संख्या आणि जाती दोन्ही ठळकपणे घटल्या. आपण एक मासा विकत घेतो तेव्हा तिकडे एका वस्तीचा डॉक्टर जातो, असं मी मुलांना सांगते.

म्हणजे सगळेच रॅस नकोत का? नाही, तसं नाही. हे कूळ फार मोठं आहे, पाचशेहून अधिक जाती आहेत. बोटभर मासाही यात आहे आणि दोन मीटरहून लांब वाढणारा नेपोलियन रॅसही. (नेपोलियन खाण्यासाठी इतका पकडला गेला की २००४ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे.) इतक्या मोठ्या कुळात घरच्या टाकीत सुखाने राहणारे थोडे आहेत, न राहणारे पुष्कळ. फरक ओळखायचा तर या माशांचं शरीर आणि सवयी आधी समजून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट, रॅसला जठर नसतं. अन्न घशातून सरळ आतड्यात जातं. साठवायला पिशवीच नाही, म्हणून हा मासा दिवसभर थोडं थोडं टिपत फिरतो. आपल्या घरी सकाळी एकदा चिमूटभर टाकून ड्यूटीवर जायचं, असं याच्या बाबतीत चालत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, थोडं थोडं द्यावं लागतं. घरी दुपारी कोणीच नसेल तर याचा विचार आधी करा.

दुसरी, घशात आणखी एक जबडा असतो. तोंडाच्या दातांनी पकडायचं आणि घशातल्या जबड्याने शिंपला फोडायचा. म्हणून मोठे रॅस गोगलगाय, खेकडे, झिंगे सोडत नाहीत. याच कुळातला एक टस्कफिश तोंडात शिंपला धरून खडकावर आपटून फोडताना ग्रेट बॅरियर रीफवर छायाचित्रात सापडला. माशाने हत्यार वापरलं म्हणा ना!

तिसरी गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त आवडते. बहुतेक रॅस मादी म्हणून मोठे होतात आणि पुढे नर बनू शकतात. रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये क्लीनर रॅसबद्दल हे प्रसिद्ध केलं. एक नर, त्याच्यासोबत चार-पाच माद्या असा गट असतो. नर गेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत तिचं शरीरही नराचं होतं. यातून खरेदीचा नियम निघतो. एकाच जातीचे दोन भडक रंगाचे नर एका टाकीत कधीच नकोत. जोडी हवी असेल तर एक रंगीत नर आणि एक फिक्या रंगाची लहान मादी घ्या, मादी आधी सोडा.

चौथी गोष्ट झोपेची. रॅस रात्री गाढ झोपतात. काही जाती वाळूत शिरून झोपतात, काही खडकाच्या फटीत अंगाभोवती चिकट द्रवाची पातळ पिशवी विणून. मच्छरदाणीच समजा. वाळूत झोपणाऱ्या जातीला वाळू मिळाली नाही तर ती रात्रभर काचेच्या तळावर तोंड घासत राहते आणि जबड्याला जखम होते. तेव्हा दुकानात मासा पाहताना पहिला प्रश्न "केवढ्याला?" असू नये. "हा झोपतो कुठे?" हे आधी विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर मासा घेऊ नका.

कोणता घ्यावा

माझी पहिली पसंती फेअरी रॅस आणि फ्लॅशर रॅस या दोन गटांना आहे. दोन्ही पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून खातात, प्रवाळाला आणि बहुतेक गोगलगायींना त्रास देत नाहीत, आणि फटीत पिशवी विणून झोपतात, त्यामुळे खोल वाळूची गरज नाही. आकार साधारण आठ ते बारा सेंटिमीटर. नर मादीसमोर पर फुलवून रंग बदलतो, ते पाहण्यासारखं असतं. या गटातली एक जात आपल्या शेजारच्या मालदीवची आहे. गुलाबी रंगाचा हा मासा ४० ते ७० मीटर खोलीवर राहतो. २०२२ मध्ये त्याला नाव मिळालं ते तिथल्या धिवेही भाषेतल्या गुलाबाच्या शब्दावरून, 'फिनिफेन्मा'. नाव देणाऱ्या गटात मालदीवचेच एक शास्त्रज्ञ होते. दुकानात तो मिळेल असं समजू नका, मिळाला तरी नवख्याने घेऊ नये. त्याच्या कुळातले साधे, स्वस्त भाऊबंद पुरेसे आहेत.

दुसरी पसंती पिवळा रॅस. अंगभर हळदीसारखा पिवळा, बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, टाकीतले चपटे कृमी आणि बारीक परजीवी गोगलगायी खाऊन टाकतो. स्वभावाने शांत. पण हा वाळूत झोपणारा. निदान पाच सेंटिमीटर, जमल्यास सात-आठ सेंटिमीटर जाड बारीक वाळू हवीच. इथे आपल्याकडे लगेच विचारतात, वर्धा नदीची रेती धुऊन टाकली तर? नको. ती खरखरीत असते, त्यात काळ्या दगडाचे टोकदार कण असतात, त्याने माशाचं अंग सोलतं. समुद्री टाकीसाठी चुनखडीच्या जातीची पांढरी वाळू मिळते, तीच घ्या.

सहा रेघांचा सिक्सलाइन रॅस छोटा, चपळ आणि सगळीकडे मिळणारा आहे. दुकानदार 'बिगिनर'साठी चांगला म्हणून पुढे करतात. जगायला काटक आहे हे खरं, पण एकदा घर आपलं मानलं की नंतर आलेल्या प्रत्येकाला हाकलतो. वर्गात आधी येऊन पहिला बाक अडवणारं पोट्टं असते ना, तसं. घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी सोडा.

आता न घेण्यासारखे. मून रॅस हिरवा-निळा, शेपटीला पिवळी चंद्रकोर, अतिशय देखणा. पण वीस-पंचवीस सेंटिमीटर सहज होतो, आणि लहान मासे, झिंगे त्याला खाद्यच वाटतात. कोरिस रॅसचं पिल्लू नारिंगी-लाल, पाठीवर पांढरे ठिपके, बघता क्षणी मुलं हट्ट धरतात. त्या पिल्लाचा पुढे फूटभराहून मोठा मासा होतो आणि तो दगड उलथवत फिरतो. बिबट्यासारखे ठिपके असलेला लेपर्ड रॅस सुंदर असला तरी खाण्याबाबत इतका नखरेल आहे की जुन्या, सूक्ष्मजीवांनी भरलेल्या टाकीशिवाय टिकत नाही.

प्रवाळाबद्दल कायदा काय म्हणतो

व्हिडिओत दिसतं तसं खरं प्रवाळ घरी ठेवायचं का, हा मुद्दा पालकांनी नीट वाचावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. समुद्रघोडे आणि समुद्री काकडीही त्याच यादीत आल्या. आपल्या समुद्रातून काढलेलं प्रवाळ, मग ते जिवंत असो की वाळलेलं, विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे. 'लाइव्ह रॉक' या नावाने विकला जाणारा दगड बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. "परदेशातून आलंय, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तर सरळ कागद मागा, आणि कागद नसले तर घरी या. वर मी ज्या घरगुती रॅस जाती सांगितल्या त्या या यादीत नाहीत. त्यांना प्रवाळच पाहिजे असंही नाही. फटी असलेला कोणताही निर्धोक आसरा चालतो. भाजलेल्या मातीचे किंवा समुद्री टाकीसाठी बनवलेले कृत्रिम खडक रचून द्या, मासा तिथेच आपली पिशवी विणतो.

पाणी : खारपाणपट्ट्यातलं का चालत नाही

आपल्या वऱ्हाडातला हक्काचा प्रश्न. दर्यापूरकडच्या एका सरांनी विचारला होता. "मॅडम, आमच्याकडे बोअरचं पाणी तसंही खारंच आहे. त्यातच समुद्राचे मासे सोडले तर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, उलट पाचवी-सहावीच्या वर्गात मुद्दाम घेण्यासारखा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं पाणी पिकाला आणि किडनीला जड असलं तरी त्यात लिटरमागे काही ग्रॅमच क्षार असतात. दुसरं म्हणजे कोणते क्षार, हे महत्त्वाचं. समुद्रात सोडियम आणि क्लोराइडसोबत मॅग्नेशियम लिटरमागे साधारण १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०० च्या पुढे आणि पोटॅशियम ४०० च्या जवळ, असं ठरलेलं प्रमाण असतं. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात हे प्रमाण पार वेगळं. हरियाणात खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवतात, तिथेही पोटॅशियम कमी पडतं म्हणून वरून घालावं लागतं. म्हणून ना खारपाणपट्ट्याचं पाणी, ना किराणा दुकानातलं आयोडीनयुक्त मीठ. समुद्री टाकीसाठी तयार क्षारमिश्रण मिळतं, ते शुद्ध पाण्यात विरघळवायचं.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध? घरचा आरओ पुरत नाही. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय असते. ती बंद करून पुढे डीआय रेझिनचं नळकांडं जोडलं की टीडीएस शून्याजवळ येतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत खडक-वाळू धरून सुमारे २०० लिटर पाणी बसतं, म्हणजे सुरुवातीला सात किलो क्षार. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं तर ७०० ग्रॅम. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. पुस्तकातला अंडं तरंगवण्याचा प्रयोग इथे उपयोगाचा नाही. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात बुडतं, तरंगायला त्याहून बरंच खारं पाणी लागतं. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असतं, तेवढं ठेवायचं.

टाकी भरल्यावर लगेच मासा नाही. शेतात टाकलेल्या युरियाचं जमिनीतले जिवाणू अमोनिया, मग नायट्राइट आणि नायट्रेट करतात, तेच टाकीत माशाच्या विष्ठेचं व्हावं लागतं. ते जिवाणू खडकावर बसायला चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य आल्याशिवाय मासा आणू नये.

मे महिना

खरी परीक्षा उन्हाळ्याची. या माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ असताना बंद खोलीतलं टाकीचं पाणी तिशीच्या वर जातंच. पाणी जितकं गरम आणि खारं, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो.

पंखा लावून भागेल का? उन्हाळ्यात काही अंशी, हो. आपला डेझर्ट कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. कोरडी हवा, जोरात बाष्पीभवन, पाणी दोन-तीन अंश थंड. पण जून उलटून दमट हवा आली की कूलरसारखाच पंखाही निकामी होतो. शिवाय बाष्पीभवनाने रोज पाणी कमी होतं आणि मीठ मागे राहतं, मिठागरात राहतं तसं. म्हणून कमी झालेली पातळी भरताना गोडं, शुद्ध पाणीच टाकायचं. खारं टाकलं तर आठवडाभरात टाकी समुद्रापेक्षा खारट होईल.

चिलर महाग आहे, कित्येकदा टाकीपेक्षाही. पण मला विचाराल तर वऱ्हाडात चिलरशिवाय समुद्री टाकी लावू नये. त्या पैशात गोड्या पाण्याची सुंदर टाकी होते आणि मासे उन्हाळा काढतात. लाईट गेल्यावर काय, याचीही तजवीज हवी. पाणी हलवणारा पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर उडालेल्या एका दुपारी सगळं जातं.

आणखी एक, झाकण. रॅस घाबरला की उडी मारतो, आणि बारीक फटीतूनही बाहेर येतो. सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडतो तो बहुधा रॅसच. काचेचं झाकण उष्णता कोंडतं, म्हणून जाळी बरी. खिडक्यांच्या अॅल्युमिनियम चौकटी बनवणाऱ्याकडून मापाची चौकट करून घ्या, त्यात सहा मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची पारदर्शक जाळी ताणून बसवा.

मुलांना हे मासे त्यांच्या घरी पाहायचे असतील तर मालवण आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, आणि जवळच तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळा सोडून जावं. मुंबईच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय धरलं असेल, तर निघण्याआधी ते सुरू आहे का, याची चौकशी नक्की करा.

मासा आणण्याचा दिवस

धामणगावला समुद्री मासा येतो तो मुंबईहून किंवा नागपूरहून, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात. मुंबईहून रेल्वेने सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. म्हणून खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, रात्रीच्या गाडीने करा. दुकानात मासा आपल्यासमोर खाताना दाखवायला सांगा. पोट आत गेलेला, तोंडाला जखम असलेला, एका कोपऱ्यात धापा टाकणारा मासा दया येऊन घेऊ नका, त्याच्या जागी दुकानदार तसाच दुसरा आणतो.

घरी आल्यावर डबा एकदम उजेडात उघडायचा नाही. पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि सलाइनच्या नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात सोडा, तासभर. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नये. वेगळी छोटी टाकी असेल तर पहिले तीन-चार आठवडे तिथेच ठेवून रोग नाही ना ते पाहणं उत्तम, फक्त वाळूत झोपणाऱ्या जातीसाठी त्या टाकीत वाळूचं एक भांडं ठेवा.

पिवळा रॅस असेल तर सोडल्याबरोबर तो वाळूत शिरेल आणि दिसेनासा होईल. एक दिवस, तीन दिवस, कधी आठवडाभरसुद्धा. घरातले म्हणतील, मेला. मुलं रडतील, कोणीतरी चमचा घेऊन वाळू उकरायला बसेल. उकरू देऊ नका. त्याचं दिवस-रात्रीचं घड्याळ अजून त्याच्या मूळ समुद्राप्रमाणे चालू असतं, ते आपल्या टाकीच्या दिव्याशी जुळायला वेळ लागतो. दिवे रोज ठरलेल्या वेळी लावा, ठरलेल्या वेळी बंद करा, पाण्यातला अमोनिया रोज तपासत राहा, आणि दुपारच्या सुमारास थोडं गोठवलेलं मायसिस वितळवून पाण्यात सोडा. वास लागला की तो बाहेर येतो.